मधल्या रांगेतली पहिली गाडी

हाल्वोरची पाठ भाजत होती. एप्रिलच्या उन्हात गाडीने आपल्याच मनाने त्याची सीट तापवली होती, आणि ती बंद करायचं पडद्यावरचं चित्र गेल्या महिन्यापासून कुठे जाऊन बसलं होतं ते त्याला सापडत नव्हतं. गाड्या वाहून नेणारी फेरीबोट खाडी ओलांडून पलीकडच्या काठाजवळ येत होती. गाडी मधल्या रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी होती. हाल्वोरने अंदाजाने एक चित्र दाबायला हात नेला, तेवढ्यात भलतीच चौकट उगवली आणि बोट पडलं ते तिच्यातल्या ‘होय’वर.

“आता काय केलंस?” शेजारी बसलेल्या सिग्नेने विचारलं.

“काही नाही गं. गाडी काहीतरी नवीन सॉफ्टवेअर भरून घेतेय म्हणे. तोवर चाकं बंद.”

“अरे, पण काठ आला ना!”

पलीकडच्या काठावरच्या चर्चमध्ये आज त्यांच्या नातीचा बाप्तिस्मा होता. बाळाचं लांब पांढरं झबलं डिकीत होतं. सिग्नेच्या आजीने ते विणलेलं होतं, आणि घरातल्या प्रत्येक पोराला नाव मिळालं ते त्याच झबल्यात. डिकी विजेवर उघडायची. म्हणजे आता उघडत नव्हती.

फेरीचं दार खाली आलं. दोन्ही बाजूंच्या रांगा निघून गेल्या. मागच्यांना मात्र मागेपुढे करत वळसा घालून जावं लागलं. कुणी हॉर्न वाजवला नाही. तिकडे वाजवत नाहीत, जाता जाता काचेतून नुसतं बघतात. हाल्वोरला हॉर्न परवडला असता.

फेरीवरची खलाशी तुरिड नारिंगी जाकिटात धावत आली. “काका, काढा की गाडी!”

“निघत नाही.”

“ढकलू या मग.”

“चाकं अडकवलीयेत.”

“कुणी?”

“तिनेच.”

तुरिडने असलं उत्तर आधीही ऐकलेलं असावं. तिने फक्त सुस्कारा टाकला. “मग बसा आता. फेरी काही थांबायची नाही.”

फेरी परत फिरली. हाल्वोरने कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलत होता. “काळजी नको. फक्त नेटवर्कमध्ये राहा.”

पण मध्यावर डोंगर आडवा यायचा आणि नेटवर्क जायचं. काठ आला की गाडी पुन्हा उत्साहाने भरायला घ्यायची, आणि जरा कुठे रंग भरतोय तोच फेरी सुटायची.

“सर, मग तुम्ही काठावर उतरून घ्या ना,” मुलगा म्हणाला.

“उतरायला चाकं लागतात, बाळा,” हाल्वोर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तो ठेवतो तोच लेकीचा, मार्तेचा फोन आला. “बाबा, कुठे आहात? सगळे खोळंबलेत!”

“येतोय गं. येतोय आणि जातोय. सकाळपासून तेच चाललंय.”

“आईला तरी झबलं घेऊन चालत पाठवा.”

“झबलं डिकीत आहे.”

पलीकडे बाळ रडत होतं. मग मार्ते म्हणाली, “झबल्याशिवाय नाही हं, बाबा. पणजी थडग्यातून उठून येईल.”

मार्ग काढला तो चर्चमध्ये मार्तेशेजारी उभ्या असलेल्या पाद्रीबाईंनी. दुपारी खाडीच्या अलीकडच्या चर्चमध्ये त्यांना एक लग्न लावायचं होतं. “मला पुढच्या फेरीने जायचंच आहे,” त्या म्हणाल्या. “चला सगळेच. बाप्तिस्मा फेरीवर. पाण्याची तर काही कमी नाही.”

फेरी पलीकडच्या काठाला लागली तशी मंडळी नटूनथटून पायीच वर चढली. मार्ते बाळाला घेऊन गाडीपाशी येते न येते तोच आतून गोड शीळ वाजली. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘पहिला भाग पूर्ण’, आणि डिकी आपसूक उघडली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. चाकं दुसऱ्या भागात होती.

वरच्या उपाहारगृहात, गरम वाफल्सच्या वासात, सॅलडच्या काचेच्या वाडग्यातलं पाणी कपाळाला लागलं आणि बाळाचं नाव तिरिल झालं. सिग्ने रडली. हाल्वोरनेही डोळे पुसले, पण ते आनंदाने की दमणुकीने, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

अलीकडचा काठ जवळ आला तेव्हा खाली शीळ वाजली. दुसरा भागही पूर्ण झाला होता. हाल्वोर जिने उतरून धावला, सिग्ने त्याच्यामागोमाग. त्याने पेडलवर पाय टेकवला आणि गाडी शहाण्या मुलीसारखी वीतभर पुढे सरकली. तुरिडने दोन्ही अंगठे वर केले. लग्न गाठायच्या घाईत पाद्रीबाई दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

दार उघडेना.

भोंग्यातून कप्तानाचा थकलेला आवाज आला. “मंडळी, जरा दम धरा. दाराच्या यंत्रणेने आत्ताच काहीतरी नवीन भरून घ्यायला सुरुवात केली आहे.”

पाद्रीबाईंनी घड्याळात बघितलं. मग फेरीवरची सगळी माणसं, दिवसभराची सवय म्हणून, एकाच गाडीकडे वळून बघू लागली. सिग्नेनेही मान वळवली.

हाल्वोरने दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून सगळ्यांना दिसतील असे वर धरले.

“मी नाही हं,” तो म्हणाला. आणि त्या दिवसात पहिल्यांदाच आरामात मागे रेलून बसला.