जित्ती हाय ती

आमच्या तासगावात नाटक लागलं, की नटमंडळी आधी विचारतात, "दस्तगीरभाई येणार का?" बेदाण्याचे हे व्यापारी एरवी मऊ स्वभावाचे. पण नायिका गुंगीचं औषध घेऊन निपचित पडली आणि ती मेली समजून नायकानं विषाचा पेला उचलला, की भाई खुर्चीवरून उठलेच. "आरं थांब गड्या, जित्ती हाय ती!"

वर आम्हालाच दटावतात, "येवडी माणसं बसल्याती, समद्यांस्नी ठावं हाय, आन एक बी सांगंना व्हय?"

चाळीसेक वर्षांपूर्वी ती निपचित नायिका मी होते. माझ्यासारखं मरणं जिल्ह्यात कुणाला जमत नाही, असं मला वाटायचं. काम काय, तर पावडर फासून पडून राहायचं. तरी महिनाभर आरशासमोर रोज मरत होते. भाई ओरडले आणि मला हसू फुटलं. मढंच हसतंय म्हटल्यावर नायकानंही पेला खाली ठेवला. वर्षभर मी भाईंशी बोलले नाही.

यंदा तेच नाटक, नायिका माझी नात. दिग्दर्शकानं भाईंना गप्प बसायची शपथच घातली. दारात मी त्यांना डिवचलं, "आवं, नाटकच हाय की. येवडं काय जिवाला लावून घेताय?"

भाई हातातली बेदाण्याची पुडी चाळवत राहिले. मग म्हणाले, "आक्का, मी तवा जतच्या बाजारात हुतो. एस्टीतनं कंडक्टर वरडला, 'तुजी बायको गेली सांगलीला, दवाखान्यात.' गाडी सुटली. मला 'गेली' येवडंच ऐकू आलं. तितंच रडत बसलो. दोन गाड्या सोडल्या. ती सांजपतुर वाट बघत हुती, मी पोचलो रातीला. गाडीतल्या समद्यांस्नी ठावं हुतं, ती जित्ती हाय. मलाच न्हवतं."

हे माझ्या नाटकाच्या आदल्या वर्षीचं.

तिसऱ्या अंकात नायकानं पेला उचलला. सगळं सभागृह भाईंकडं वळलं. भाईंनी मूठभर बेदाणे तोंडात कोंबले आणि खुर्चीचे हात गच्च धरले. शपथ म्हणजे शपथ. पेला ओठांशी गेला.

मला कुणी शपथ घातली नव्हती. गुडघे धरत मी उठले. "आरं थांब बाबा, जित्ती हाय ती. माजीच नात हाय."

नात हलली नाही. मरण्यात ती माझ्यापेक्षा सरस आहे. नायकाचा हात मात्र थांबला.

भाईंचं तोंड भरलेलं होतं. उरलेली पुडी त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवली.