बटाट्याची पाणीपुरवठा योजना

शनिवार, दिनांक ११ जानेवारी १९८६. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. बटाटे एकूण तीन.

वाचकहो, माझे शिक्षण निजामाच्या अमदानीत, हैदराबादच्या टेक्निकल कॉलेजात, उर्दूतून झाले. पुढे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून मी आयुष्य काढले. मी आखलेला एकही पाट कधी उलट्या दिशेने वाहिला नाही! गेली दोन वर्षे ते सुलट्या दिशेनेही वाहिलेले नाहीत. पण तो दोष पावसाचा, आखणीचा नव्हे. सांगायचे तात्पर्य, व्यंकटरावाने मांडलेला प्रयोग फसत नाही, असा जळकोट परिसरात माझा लौकिक होता. त्या शनिवारी तो लौकिकच माझ्या मुळावर उठला.

माझी नात सिंधु हिला शाळेच्या प्रदर्शनासाठी एक प्रयोग हवा होता. मी बटाटा निवडला. त्याची खालच्या अर्ध्या भागाची साल काढली, वरून मध्यभागी खोबण कोरली, तीत साखरेचे दाट, गुलाबी पाणी भरले, बुचातून काचेची बारीक नळी बसवली आणि तो बटाटा साध्या पाण्याच्या वाटीत उभा केला. दुसरा बटाटा तुलनेसाठी होता. तिसरा पडवीतून घरात नेऊन पार्वतीबाईंनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, आमटीत टाकला.

अर्ध्या तासात नळीतले गुलाबी पाणी वर चढू लागले! नेमके तेव्हाच शेजारचे दगडोबा तंबाखू मागायला पडवीत आले आणि नळीपुढे उकिडवे बसले.

"ओवरशेर साहेब, हे पानी कोन वढून राहिलं?"

"कोणी नाही. ते आपोआप चढते."

"डिझेल?"

"नाही."

"लाईट?"

"लाईट तर गुरुवारपासून गेलेली आहे, दगडोबा!"

"मंग?"

"बटाटा."

दगडोबा तंबाखू मागायचेच विसरले. मी त्यांना पद्धतशीर समजावून दिले. बटाटा असंख्य पेशींचा बनलेला असतो. प्रत्येक पेशीभोवती अत्यंत पातळ पडदा असतो. तो लग्नाच्या मांडवाच्या दारात उभ्या राहिलेल्या मामासारखा असतो. सडाफटिंग पाहुणा सहज आत-बाहेर करतो, ट्रंका आणि वळकट्या घेऊन आलेला मात्र दारातच अडकतो. पाणी हा सडा पाहुणा आणि साखर ही ट्रंकवाली. साखरेला बाहेर पडता येत नाही, म्हणून पाणीच तिच्याकडे धावते. जिकडे जेवण गोड, तिकडे पाहुण्यांची रीघ!

"समजले का?"

"हाव की! समदं समजलं," असे म्हणून दगडोबा तंबाखू न घेताच उठले. माझे विवेचन त्यांना एवढे भिडले, या आनंदात मी होतो. त्यांना फक्त एवढेच समजले होते की बटाटा पाणी वर ओढतो!

आता गावाची स्थिती ऐका. आड कोरडे, बोअर कोरडी, नदीत क्रिकेट! दिवसाआड एक टँकर येई आणि त्यावर सारे गाव जगे. अशा गावात निवृत्त पाटबंधारेवाल्याच्या पडवीत बिनडिझेलचे पाणी चढते, ही वार्ता आमच्या वरच्या आळीत पोहोचायला किती वेळ लागावा? रविवारी सकाळी त्याच आळीतल्या कस्तुराबाई टोपलीभर बटाटे घेऊन दारात हजर!

"भाऊ, माज्या आडावर आदी बसवा. म्या पयली आले हाय."

"अहो कस्तुराबाई, आडात मुळात पाणी तर हवे ना!"

"पानी असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते?"

हैदराबादचे शिक्षण बाजूला ठेवून मी टोपली उतरवून घेतली.

दुपारपर्यंत दगडोबांनी माझी वाट न पाहता स्वतःच काम सुरू केले. साखर परवडेना, म्हणून कोरलेल्या बटाट्यांत त्यांनी गूळ ठासला आणि ती बटाट्यांची माळ सुतळीला बांधून कोरड्या आडात सोडली. आडातून पाणी चढले नाही. मुंग्या चढल्या! तालुक्यातल्या यच्चयावत मुंग्या त्या आडावर जमल्या आणि रांगेने दगडोबांच्या घरात शिरल्या. तरीही दगडोबा खचले नाहीत. "पानी खोल हाय, टाइम लागंल," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले.

इथवर सारे गावातच होते. परंतु सोमवारी आमचे सरपंच रेवणप्पा टंचाईच्या बैठकीला लातूरला गेले. रेवणप्पांना बैठकीत गप्प बसणे कधी जमलेले नाही. नवा जिल्हा, नवे कलेक्टर साहेब, नव्या खुर्च्या! साहेबांनी विचारले, "टँकरच्या मागण्या पुष्कळ ऐकल्या. स्वतःहून काही केले, असे एक तरी गाव आहे का?" रेवणप्पा उभे राहिले!

"आमच्या गावात बटाट्यावर पानी चढवून राहिलोत, साहेब. बिगरडिझेलचं!"

टाळ्या पडल्या. साहेबांनी कौतुक केले. आणि बुधवारी टँकर आलाच नाही.

तो गावच्या वेशीवरून सरळ पुढच्या गावाला निघून गेला. चालक रामकिशन खिडकीतून ओरडून सांगत गेला, "वरून हुकूम हाय! तुमची बटाट्याची स्कीम चालू झाली म्हनं! मुबारक!"

तासाभरात साऱ्या गावच्या घागरी माझ्या दारासमोर ओळीने मांडल्या गेल्या. रिकाम्या घागरींचा आवाज भरलेल्यांपेक्षा मोठा असतो, हे तत्त्व मी त्या दिवशी प्रत्यक्ष अनुभवले. रेवणप्पा मागच्या दाराने आले.

"निसतं बोललो, व्यंकटराव! बोलल्यानं टँकर बंद होतंय व्हय?"

"झाला ना! आता लातूरला जाऊन खरे सांगा."

"खरं सांगितलं तर म्या खोटा ठरतो की! शुक्करवारी सायेब सोता बगायला येनार हायत. तुमीच काय ते सांगा. पर माजं नाव राहू द्या."

शुक्रवारी जीप आली. साहेब तरुण, तडफदार. या नव्या जिल्ह्यातली प्रत्येक गोष्ट देशात पहिली असावी, असा त्यांचा बाणा! सोबत छायाचित्रकारही आणलेला. सारे गाव पडवीभोवती उभे. चुकून साहेब खूश होऊन परतले, तर टँकर कायमचा गेला, एवढे मला स्वच्छ दिसत होते. मी घसा खाकरला.

"साहेब, ही योजना नाही. हा केवळ शाळेतला प्रयोग आहे."

"वा!" साहेब छायाचित्रकाराकडे वळून म्हणाले, "खऱ्या शास्त्रज्ञाचा विनय! दाखवा, दाखवा."

"साहेब, यातून आडातले पाणी चढत नाही."

"अजून चढत नाही, म्हणा. सुरुवात तर झाली! दाखवा."

मी निरुपायाने बटाटा कोरला, साखर भरली, नळी बसवली आणि आत हाक दिली, "अहो, वाटीभर पाणी आणा."

पार्वतीबाई दारात आल्या. वाटी रिकामी होती.

"अवो, काल रातीच शेवटची घागर सरली. वाटी मागून राहिले!"

"कस्तुराबाईंकडून आणा."

"माज्याकडं?" कस्तुराबाई गर्दीतून कडाडल्या. "माजी म्हैस दोन दिसांपासून माज्या तोंडाकडं बगून राहिली!"

दगडोबांकडे मुंग्या होत्या. रेवणप्पांच्या घरचा माठ पालथा होता. उभ्या गावात बटाट्यापुरतेही पाणी निघेना! साहेब अस्वस्थ झाले. अखेर त्यांनी जीपमधून स्वतःचा थर्मास मागवला आणि त्यातले पाणी वाटीत ओतले. ते सारे संपले. वाटीवर पाण्याच्या रेषेला मी पेन्सिलीने खूण केली.

ऊन चढले. नळीतला गुलाबी रंग चढला. छायाचित्रकाराने फोटो काढला. पाऊण तासाने साहेब पुढे झुकले.

"हे काय? वाटीतले पाणी खाली गेले!"

"हो साहेब. सूतभर."

"कुठे गेले?"

"बटाट्यात."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला, कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि थर्मास उपडा करून पाहिला.

"म्हणजे हा बटाटा पाणी देत नाही. हा पाणी पितो!"

"आमच्या गावाचेही पाणी त्याच्यातच गेले, साहेब," मी अदबीने म्हणालो.

"आणि वाटीत पाणी कोणी घालायचे?"

"ते टँकर घालतो, साहेब."

त्यावर साहेब असे हसले की छायाचित्रकाराने आणखी एक फोटो काढला. हसू ओसरल्यावर त्यांनी दारासमोरच्या घागरींची रांग पाहिली, प्रत्येकीत वाकून पाहिले, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"टँकर कधीपासून नाही?"

"आमची स्तुती झाल्यापासून," कस्तुराबाई म्हणाल्या.

साहेबांनी तिथल्या तिथे टँकर आणायला जीप पिटाळली. दिवस मावळायच्या आत रामकिशन भोंगा वाजवत वेशीतून आत शिरला आणि मागोमाग दुसराही टँकर! भोंगे आणि घागरी मिळून एवढी वाद्ये आमच्या गावात लग्नातही वाजली नसतील. पहिली घागर साहेबांना दिली गेली; ते ओंजळीने पाणी प्याले. रेवणप्पांनी लगोलग जाहीर केले, "म्या सोता लातूरला उबं राहून मांडलं, तवा कुटं सायेब आले!" त्यांचे नाव राहिले.

गावाने मला पडवीतून उचलून पारावर नेले, हार घातला, नारळ दिला. मी हात वर करून म्हणालो, "ग्रामस्थहो, प्रथम एक गैरसमज दूर करतो. पेशीभोवतीचा पडदा हा..."

"गैरसमज कसला?" दगडोबा खांद्यावर भरलेली घागर घेऊन ओरडले. "तुमी म्हनलाव बटाटा पानी वढतो. आता वढलं का न्हाई? सीदं लातूरवरनं!"

मी पुष्कळ विचार केला. शास्त्रीय आधार शून्य. परंतु निरीक्षण बिनचूक! मी हार नीट केला आणि खाली बसलो.

टँकरच्या खेपा: पूर्वी दिवसाआड एक, आता दिवसाला दोन.