आपल्याच दुकानातलं गिऱ्हाईक

दुकानात ओळखीचं कुणी शिरताना दिसलं, की गजभिये काका खुर्चीवरून उठतात, टेबलाला वळसा घालून पुढच्या बाजूला येतात आणि गिऱ्हाईक होतात. एखादी कुंडी उचलायची, उलटी करून तिच्या बुडाचं छिद्र बघायचं आणि मोठ्यांदा विचारायचं, "मालक कुठी गेले जी?" दुकान त्यांचं. कुंडीही त्यांचीच. आलेला माणूस बिचारा त्यांच्याबरोबर मालकाची वाट बघत उभा राहतो, आणि थोड्या वेळानं दोघं मिळून मालकाला नावं ठेवायला लागतात. "असे धंदे करतेत का?" असं काका म्हणतात तेव्हा त्यांचा वैताग अगदी खरा असतो.

स्मृती नगरात आमच्या बिल्डिंगखाली एक गाळा आहे, त्यात हे दुकान. घरात ठेवायच्या झाडांचं सगळं सामान तिथं मिळतं. कुंड्या, कोकोपीट, गांडूळखत, फवारणीच्या बाटल्या, आणि ज्या हॉलमध्ये ऊन येत नाही तिथं झाड जगवायचे दिवे. काकांचा जन्म स्टील प्लांटमध्ये पाइपलाइनच्या मेंटेनन्सवर गेला. रिटायर झाल्यावर टाउनशिपचं क्वार्टर सोडावं लागलं, मागचा पेरू आणि कढीपत्ता तिथंच राहिला. फ्लॅटमध्ये करमेना म्हणून दुकान काढलं. निदान मला तसं सांगण्यात आलं होतं.

मी वरच्या मजल्यावर राहते. सुपेल्याच्या बाजारातल्या छापखान्यांसाठी बॅनर, लग्नपत्रिका, लोगो असलं काम घरी बसून करते. एक दिवस निर्मलाकाकू, म्हणजे काकांच्या सौभाग्यवती, जिना चढून वर आल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "बोर्डाशिवाय दुकान कसं चालन पोरी? गाळेवाला म्हणून राहिला, महिनाअखेरीले बोर्ड लागला नाही तं गाळा मोबाइलवाल्याले देतो. तू एक लोगो काढून दे ह्याइले. ह्या माणसानं हो म्हटलं पायजे, असा काढ."

मी म्हटलं, त्यात काय. मला वाटलं दोन दिवसांचं काम आहे.

पहिला लोगो काढला तो कुंडीतलं पिवळं फूल. काकांनी चष्मा लावला आणि काढला. "पिवळा? अवो बाई, प्लांटमध्ये पिवळा पाइप म्हणजे गॅसची लाइन! लोकं नाकाले रुमाल लावून पळतीन." मी लाल फूल केलं. लाल म्हणजे आग विझवायच्या पाण्याची लाइन. जांभळं केलं तर ती ॲसिडची. मग मी निळी कुंडी करून नेली, म्हटलं निळ्याला तरी काका नाही म्हणणार नाहीत. काकांनी कागदावरून बोट फिरवलं. "निळा आपला हाये," ते म्हणाले. "जय भीम. पण प्लांटमध्ये निळी लाइन हवेची असते बेटा. मी काय हवा इकून राहिलो?"

शेवटी हिरवा. हिरवी लाइन पाण्याची, आणि झाडाला पाणी लागतं, एवढं त्यांना नाइलाजानं कबूल करावं लागलं. पण कागद हातात धरून ते लांब नेत, जवळ आणत, परत लांब नेत.

"रंग बरोबर हाये. पण हे पाहून दुकान वाटते."

"काका, दुकानच आहे ना!"

"हाये. पण वाटाले नाही पायजे."

मग माझं काम म्हणजे दुकान न वाटणारा लोगो काढणं. नाव तर त्यांनी पहिल्याच दिवशी काढायला लावलं होतं. कुंडी गेली. देठ गेला. उरलं एक पान. ते मी इवलंसं करून नेलं तरी काका म्हणाले, "हे पान लई पुढं पुढं करून राहिलं." मी चिडून म्हटलं, "काका, माती विकायची लाज वाटते का तुम्हाला? सरळ सांगा." त्यांनी माझ्याकडे न बघता एका बाटलीचं झाकण उगाच पिळलं. "हो. तसंच समज," ते म्हणाले.

आणि मी तसंच समजले. आम्ही नोकरदारांच्या घरातली माणसं, धंदा सुपेल्यातल्या लोकांनी करावा असं इथं अजून समजतात. माझे वडील रेल्वेत होते, अजूनही कुणी विचारलं की मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणतात, बॅनर काढते असं सांगत नाहीत. तेव्हा काकांची लाज मला ओळखीची वाटली. ती कोणत्या गोष्टीची आहे हे मात्र मला तेव्हा कळलं नाही.

खरी फजिती पुढेच होती. एका दुपारी मी पानाचा नवा नमुना घेऊन खाली उतरले, तर काका गिऱ्हाईक होऊन उभे होते आणि शेजारी टाउनशिपमधल्या त्यांच्या जुन्या सेक्टरच्या एक बाई. मला बघताच काका ओरडले, "ह्या पाहा, आल्या मालकीण!" मी गारठले. बाईंनी कोकोपीट म्हणजे काय विचारलं. मी नारळाचा कीस म्हणाले; असतो तो काथ्याचा भुसा, हे मला नंतर कळलं. खातात का, असं त्यांनी विचारल्यावर मी, देवाशपथ, "थोडा" म्हणाले. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आणि हे सगळं कमी होतं म्हणून की काय, काका मान हलवत म्हणाले, "मॅडम, आपल्याच मालाची माहिती नाही तुमाले?" लाजेनं मला कुठं तोंड लपवू असं झालं. बाई गेल्यावर काका हळूच म्हणाले, "तू मनाची बरी हायेस पोरी. पण धंदा नाही जमत तुले."

घरी येऊन मी हा किस्सा आईला रंगवून सांगितला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. शेजारणीलाही सांगितला. त्या हसण्याची आता मला लाज वाटते.

महिना संपत आला होता. बोर्डवाला सारखा फोन करत होता, आणि मोबाइलवाला येऊन गाळ्याची लांबीरुंदीसुद्धा मोजून गेला. आज काहीही करून होकार घ्यायचा असं ठरवून मी काकांसमोर बसले होते, तेवढ्यात दारात एक उंच, वाकलेले गृहस्थ दिसले. काका असे उठले की खुर्ची मागे कलंडली. ते पुढच्या बाजूला आले, त्यांनी कुंडी उचलली. खुर्ची सरळ करून मुकाट्यानं मीच मालकिणीच्या जागी बसले.

"का बे गजभिये! तू इथं?"

"वासनिक!" काकांनी कुंडी छातीशी धरली. "अरे, पोराकडे न्याले पाहून राहिलो. बेंगलोरले. हॉलमध्ये झाड पायजे म्हणते सून."

"अजून जाणंयेणं चालूच हाये वाटते? तुह्या रिटायरमेंटच्या निरोपाले तू माइकवर म्हटलं होतं, उद्यापासून पोराकडे चाललो म्हणून. आमी सगळ्याइनं दिली ती चाकाची बॅग कामी आली का?"

"लई कामी आली. परवाच आलो तिकडून."

ती बॅग टेबलाखाली माझ्या पायाशी होती. काका तिच्यात कोकोपीटच्या विटा ठेवत. मी पाय पुढे करून ती झाकली. काकांना या बिल्डिंगमध्ये आल्यापासून मी एका दिवसासाठीही गावाला गेलेलं पाहिलं नव्हतं. मी वर बघितलं तर त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते माझी नजर चुकवत होते. एवढे दिवस ते कशापासून लपत होते ते मला त्या क्षणी समजलं. निर्मलाकाकू सांगायच्या, गळ्यात हार घालून, बँड लावून, अख्ख्या डिपार्टमेंटनं त्यांना गेटपासून घरापर्यंत पोचवलं होतं. पोराकडे जातो असं सांगून निघालेला माणूस बोर्डावर नाव लावून याच गावात कसा बसणार? मला रडू यायला लागलं आणि मी उगाच कुंड्यांच्या किमती बघत राहिले.

वासनिकांनी लहानशी कुंडी निवडली. पण ते निघेनात. खताच्या पोत्यावर हात टेकून हळूहळू बसले.

"तू नशिबाचा हायेस गजभिये," ते म्हणाले. "मी बी सगळ्याइले पुण्याले जातो म्हणून सांगितलं होतं. गेलो. सून म्हणे, बाबा, तुम्हाला इथं करमणार नाही. पोरगा मोबाइल पाहत बसला. दिवाळीच्या आधीच वापस आलो. आता भाजी घ्याले तिकडं पावर हाउसच्या बाजारात जातो, आपल्या सेक्टरच्या बाजारात पाय टाकत नाही. कोणी विचारलं तं काय सांगू? आज इकडं आलो ते याच्यासाठीच, की इथं तरी ओळखीचं कोणी भेटणार नाही." ते हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "अन् भेटला तू."

काकांनी कुंडी खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आले. मी खुर्ची सोडली. ते बसले, दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"दुकान माह्यं हाये, वासनिक."

वासनिक बघतच राहिले.

"मी कुठीच गेलो नाही. तुले पोरानं निदान नेऊन तं पाहिलं. मह्यावालं पोरगं म्हणते, जरा थांबा बाबा. तेच म्हणून राहिलं अजून."

मग वासनिक उठले, टेबलाजवळ आले आणि त्यांनी काकांच्या हातावर नुसता हात ठेवला. निर्मलाकाकूंना हाक मारायला मी बाहेर पळाले, चहाचं निमित्त होतं, पण खरं म्हणजे मला तिथं उभं राहवत नव्हतं.

चहा झाला. वासनिक "उद्या येतो" म्हणून गेले. बोर्डवाल्याचा फोन पुन्हा वाजत होता, म्हणून मी भीत भीत विचारलं, "काका, त्याला काय सांगू?"

"नाव टाक," काका म्हणाले. "गजभिये. लांबून दिसन असं टाक."

मी मान हलवली आणि निघाले. दारापर्यंत पोचले तोच त्यांनी हाक मारली. ते रस्त्याकडे बघत होते.

"अन् पोरी, नावाच्या खाली लिहिजो, बसाले जागा हाये म्हणून. आमच्या डिपार्टमेंटचे असे अजून लई जण असतीन या गावात."