डोमाजींच्या अटी

आमचे शेजारी डोमाजी यांनी एकदा मला छत्री दिली, तीही अटी घालून. "केशोरीपर्यंत चालंल. वाऱ्यानं उलटली त जबाबदारी घेणाऱ्याची. एस्टीत इसरली त नवी आणून द्याची. मंजूर?" मी मंजूर म्हटलं, तेव्हा कुठे छत्री हातात आली. केशोरीला त्या दिवशी थेंबही पडला नाही.

डोमाजी अर्जुनी मोरगावच्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचे. सातबारा तलाठ्याच्या हातचा लिहून मिळायचा, तेव्हाची ही गोष्ट. शेतकऱ्यांच्या अपघात विम्याचे अर्ज लिहिण्यात त्यांचा हातखंडा होता. पण समोरच्याने सगळ्या अटी ऐकल्याशिवाय ते पेनचं टोपण काढत नसत. पंचनामा झाला का, शवविच्छेदन झालं का, सातबाऱ्यावर मयताचं नाव आहे का, सगळं सावकाश. कुणी वैतागून उठलाच तर म्हणत, "जाय बाप्पा. अटी त आत कचेरीतबी तुही वाट पाहूनच राहिल्या."

कागदांच्या बाबतीत त्यांना दयामाया नव्हती. "हातानं एक अक्षर जोडलं, का सारा कागद बाद," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका म्हातारीने दाखल्यावरचं आपलं नाव नातवाकडून दुरुस्त करून आणलं होतं. तिला त्यांनी भर उन्हात परत पाठवलं. मला त्यांचा तेव्हा खरंच राग आला होता.

आणि लग्नाला बोलावलं तर आफतच. पंगतीतून उठून ते थेट नवरदेवाजवळ जात आणि विचारत, "सातबाऱ्यावर हिचं नाव कधी चढवून राहिला?" नवरदेव बावरायचा, मुलीचे मामा हसायचे. माझ्यामागेही त्यांनी हाच धोशा लावला होता. केशोरीला आमची दोन एकर धानाची शेती. मी शाळेत, त्यामुळे रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बायकोच तिथे चिखलात उभी राहायची.

"वहिनीचं नाव काऊन नाही टाकत, गुरुजी?"

"टाकू हो. घाई कसली आहे?"

एवढं म्हटलं की हा बोलका माणूस विषय तिथेच सोडून निघून जायचा. मला वाटायचं, रुसला.

शेवटी कटकट टळावी म्हणून एका रविवारी मी अर्ज लिहून घ्यायला त्यांच्या घरी गेलो. घरात ते एकटेच असत. त्यांची बायको, पारबताबाई, आम्ही शेजारी राहायला येण्याआधीच वारली होती. नमुना दाखवायला म्हणून त्यांनी ट्रंकेतून स्वतःच्या शेताचा सातबारा काढला. तलाठ्याने काळ्या शाईत लिहिलेल्या डोमाजींच्या नावाखाली निळ्या शाईत आणखी एक नाव होतं, पारबता डोमाजी. ते टपोरं अक्षर अख्खा तालुका ओळखत होता.

"हे तुम्ही लिहिलंत?"

त्यांनी मान हलवली. "रोवण्यात साप चावला तिले. पंचनामा झाला, पोस्टमार्टम झालं. विम्याचा अर्ज मीच लिहिला. जोडाले सातबारा काढला, त तिचं नाव कोठं? दोनदा म्हणाली होती, माहं नाव टाका म्हणून. मी म्हटलं, घाई कायची आहे? वीस वर्सं रोवलं तिनं, गुरुजी. कागद म्हणते, ही शेतकरी नाही."

माझेच शब्द मला ऐकू आले आणि फार लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "पण डोमाजी, हा कागद आता..."

"बाद आहे," ते म्हणाले. "कोठंच चालत नाही. म्हणून त घरी ठेवला."

त्यांनी सातबाऱ्याची घडी घातली, तो ट्रंकेत तळाशी ठेवला आणि कोरा कागद पुढे ओढला. मी अटी ऐकायच्या तयारीने बसलो होतो. त्यांनी एकही अट वाचली नाही. पेनचं टोपण काढून विचारलं,

"सांगा, वहिनीचं पूर्ण नाव?"