एक चूल जास्त

स्मारकाच्या पाटीवरचा मजकूर आणि खोऱ्यातली वस्तुस्थिती यांत तफावत आढळल्यामुळे मॅकस्कोरन कुळ वारसा समितीची तातडीची सभा बोलावण्यात आली. चिटणीस या नात्याने कार्यवृत्त मीच लिहिलं, तेव्हा पुढील हकिगत अधिकृत समजावी.

पाटी काशाची होती आणि दोन माणसांना उचलत नव्हती. वर कुळाची मुद्रा, मुद्रेभोवती पट्टा, बाजूला आमचं देवक असलेल्या जुनिपरच्या झुडपाची डहाळी, खाली 'आम्ही हलत नाही' हे ब्रीद आणि त्याखाली मजकूर: 'दोनशे वर्षांपूर्वी मेंढ्यांना कुरण हवं म्हणून या खोऱ्यातून आमच्या माणसांना हाकलण्यात आलं. एकही चूल पेटती उरली नाही.' हाकलणारे आमचेच तेव्हाचे कुलप्रमुख होते, हा तपशील जागेअभावी गाळला होता.

तफावत अशी, की एक चूल पेटती होती. डोलिना मावशीची.

मावशीच्या पूर्वजांचं घर वाचलं ते कारकुनाच्या कृपेने. तो यादीत ते लिहायला विसरला. जाळायला आलेल्या माणसांनी यादीबरहुकूम बावीस घरं जाळली, तेविसाव्या घरी पाणी प्यायलं आणि ती निघून गेली. तेव्हापासून त्या घरातला विस्तव विझलेला नाही. निजण्याआधी निखारे राखेखाली झाकायचे आणि सकाळी फुंकर घालून वर पीटचं, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचं, वाळकं ढेकूळ ठेवायचं, एवढं एकच काम मावशीच्या सात पिढ्यांनी न चुकता केलं. वारसा वगैरे म्हणावं असं त्यात काही आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

सभा माझ्याच हॉटेलात भरली. सत्ताविसावे कुलप्रमुख सर टॉर्किल खास इंग्लंडहून आले. इथली हवा त्यांच्या गुडघ्यांना मानवत नाही. अध्यक्ष डॉ. वेंडेल मॅकस्कोरन ओंटारियोत दात काढतात. त्यांचे पूर्वज त्या बावीस घरांपैकी एकातले, म्हणून त्यांना बोलण्याचा हक्क जास्त.

"पाटी बदलली तर?" मी विचारलं.

"फार्कर, सातशे सभासद त्या वाक्यावर आधीच रडून बसलेत," डॉक्टर म्हणाले. "आता त्यांना काय कळवू? एक चूल शिल्लक निघाली, तरी अश्रू परत घ्यावेत?"

"आणि 'एकच उरली' यात तो दमही नाही," सर टॉर्किल म्हणाले.

"अहो, बावीस काढायचे आणि एकच ठेवायचा, असं करतच नाहीत," डॉक्टर कळकळीने म्हणाले. "कवळी बसत नाही."

मावशीची समजूत काढायला मला पाठवलं, कारण लहानपणी तिने मला ओटकेक भरवले होते. काम अधिकृत असल्यामुळे मी किल्ट नेसून गेलो.

"मावशी, उद्घाटनाच्या दिवशी तेवढी चूल विझवशील का?"

"का रे? गॅस देतायत का?"

"नाही. पाटीवर लिहिलंय, खोऱ्यात चूल उरली नाही म्हणून."

"मग पाटी खोटी आहे."

"मावशी, पाटी काशाची आहे."

"आणि मी काय शेणाची? आणि हे चौकड्यांचं काय गुंडाळलंयस रे कमरेला?"

"आपल्या कुळाचं टार्टन. पुरातन आहे."

"गप बस मेल्या. तुझा बाप जन्मभर तेलकट पँटीत ट्रॅक्टर हाकत होता. बरं, ते तुमचं ब्रीद काय म्हणतं?"

"आम्ही हलत नाही."

"झालं तर. नाही हलत."

हे मी सभेला कळवलं. सर टॉर्किल यांनी निर्णय दिला, की मुद्रा आणि ब्रीद ही कुलप्रमुखांची खाजगी मालमत्ता आहे. मुद्रेभोवती जो पट्टा असतो तो, लावणारा माणूस कुळाचा चाकर आहे, हे दाखवण्यासाठीच. सबब कुळातल्या सामान्य माणसाला ब्रीद छातीवर लावायची परवानगी आहे, त्याप्रमाणे वागायची नाही.

दरम्यान प्रवासी कंपनीने विचारणा केली. उद्घाटन एक दिवसाचं, पण बस आठवड्यातून तीनदा येणार. बसच्या दिवशी धूर दिसला तर? म्हणून चूल तीन दिवस बंद ठेवायचं ठरलं. तीन दिवस बंद ठेवलेला विस्तव चौथ्या दिवशी पेटत नाही, म्हणून कायमची. चुलीवाचून त्या घरात माणूस गारठून मेला असता आणि तसं होऊ देणं समितीच्या माणुसकीत बसत नव्हतं, म्हणून मावशीला गावातल्या खोलीत हलवायचं. रिकाम्या घरावर लाल पत्रे कशाला? माहितीपत्रकातलं प्रत्येक घर बिनछपराचं होतं.

खोरं समितीच्या मालकीचं असलं तरी म्हातारीला काढायचं कसं, हा पेच होता. वकिलाने जुनी यादी मागवली. यादीत घर नव्हतं. म्हणजे घर नव्हतंच. नसलेल्या घरातून कुणाला हाकलता येत नाही, त्यामुळे ही हकालपट्टी ठरत नव्हती. ठरावात 'प्रलंबित नोंद-दुरुस्ती' असे शब्द घातले. मी सही केली. उद्घाटनाच्या आठवड्यात माझ्या हॉटेलातल्या सगळ्या खोल्या भरल्या होत्या. लाज वाटली, पण खोली रिकामी करण्याइतकी नाही.

मंगळवारी पत्रे उतरवले. मावशीने विरोध केला नाही. तिने फक्त निखारे लोखंडी भांड्यात घेतले आणि भांडं मांडीवर घेऊन ती माझ्या गाडीत बसली. वाटेत ती मधूनमधून फुंकर घालत होती. नव्या खोलीत पाय ठेवताच छतावरच्या धुराच्या भोंग्याने बोंब ठोकली. नियमाप्रमाणे माणूस आला आणि त्याने भांड्यावर बादलीभर पाणी ओतलं. मावशी भांड्याकडे बघत बसली.

तिथे कुणी रडलं नाही, कारण रडण्याचा कार्यक्रम शनिवारी होता.

शनिवारी बॅगपाइप वाजले. डॉक्टर बोलले आणि तीनशे माणसं हमसून रडली. मावशीला टार्टनची शाल पांघरून तिच्याच घराच्या दाराशी, पाटीला लागून, खुर्ची दिली होती. कॅल्गरीहून आलेली एक बाई तिच्यापुढे गुडघे टेकून बसली.

"आजी, तुमचं कुणी होतं का हो इथे?"

"घर होतं."

"कधी गेलं हो ते?"

"मंगळवारी."

बाईला भडभडून आलं. "ऐकलंत का?" ती मागच्यांना म्हणाली, "दोनशे वर्षं झाली, तरी यांच्या घराण्याला वारसुद्धा आठवतोय!"

मग तिने अभिप्रायवहीत लिहिलं, 'तेव्हा आम्ही असतो, तर हे घडू दिलं नसतं.' त्याखाली दुसरी सही माझी आहे. नंतर रांगेने सगळ्यांनी केल्या, सर टॉर्किलनीसुद्धा. वही अजून तिथेच उघडी असते आणि पुढची ओळ मोकळी आहे. तुम्हालाही असलं वाचून वाईट वाटतं, हे दिसतंच आहे, तेव्हा सवडीने या आणि सही करा. फोटोही काढा. मावशी बसच्या दिवशी दाराशी येऊन बसते. तिला जरा बाजूला सरकायला सांगा, म्हणजे पाटी पूर्ण येईल.