पाणमांजरांस राजाश्रय मिळाला त्याची हकीकत

श्री नदीमाता साक्ष असे. शके सतराशे बारा, साधारण नाम संवत्सरी, एका राज्यात पाणमांजरे बहुत थोडी उरली, हे वर्तमान महाराजांचे कानी गेले, आणि महाराज कष्टी जाहले, आणि दिवाण भिकाजीपंतांस हुकूम केला की, या जीवांस आश्रय द्यावा. मग पंतांनी मसलत काढली की, नदीकाठी चुनेगच्ची घरे बांधावी, आणि वर घुमट असावे. तेव्हा महाराजांच्या वडील भगिनी आक्कासाहेब, ज्यांनी लहानपणापासून त्या जनावरांचे खेळ डोळे भरून पाहिले होते, त्या बोलिल्या, "पंत, घरे बांधल्याने पाणमांजरे वाढतात, हे कोणी पाहिले आहे?" पंत उत्तरले, "एवढा थाट केल्यावर वाढतील नाही तर जातील कोठे?" आक्कासाहेब म्हणाल्या, "तर मग एका तीरी बांधा, आणि दुसऱ्या तीरास हात लावू नका. वर्षाने दोहींकडची वाळू पाहू. जिकडे पाउले अधिक, तो उपाय खरा." पंत हळहळले, "पलीकडच्यांनी काय पाप केले?" परंतु महाराजांस ही पैज आवडली.

मग वर्ष भरले आणि खासा स्वारी पाहणीस निघाली. ऐलतीरी घुमटांत वानरे सुखाने नांदत होती, आणि एका घरी पंतांचे मेहुणे हवापालटास येऊन राहिले होते. पैलतीरी झुडपे माजली होती, आणि ओल्या वाळूत पाणमांजरांची पाउलेच पाउले, आणि एका मादीमागे पिलांची इवली रांग. आक्कासाहेबांस आनंदाने रडू फुटले. महाराज म्हणाले, "आम्ही पुरावा मानणारे. काही न करणे हाच उपाय थोर ठरला. आता तो इतमामाने व्हावा."

मग काही न करण्याचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला, आणि पंत त्याचे मुख्य जाहले, आणि काही होत नाही हे वाड्यातून दिसावे म्हणून पैलतीरीची झुडपे तोडविली, आणि कोणी काही करू नये म्हणून पहारे बसले, आणि दर प्रहरी नौबत झडून पुकारा होऊ लागला, "येथे काही करू नये!" आक्कासाहेब महाराजांकडे धावत आल्या, "बाळासाहेब, त्यांना नुसते राहू द्या हो!" महाराज समजूत घालते जाहले, "आक्का, सारे तुमच्याच म्हणण्याप्रमाणे चालले आहे."

आणि एके सकाळी वाळूत पाउले दिसली ती खालच्या अंगास, परमुलखाकडे, थोरली पुढे आणि धाकटी मागे, आणि परतीचे एकही नाही. जातील कोठे, या पंतांच्या सवालाचा जबाब मिळाला. पंतांनी अर्ज केला, "महाराज, आता तेथे पाणमांजरेही काही करीत नाहीत. अंमल पुरा बसला." त्याबद्दल पंतांस पालखीचा मान जाहला.

एकूण इतकेच की, ऐलतीरी उपाय जाहला, पैलतीरी काही न करणे जाहले, आणि दोन्ही कामे तडीस गेली. आक्कासाहेब अद्याप रोज सकाळी वाळू पाहावयास जातात, आणि पहारेकरी त्यांस अदबीने मुजरा करून सांगतात की, बाईसाहेब, येथे काही करू नये.