शनिवारी हरणं येणार

आमच्या आर्नहेमचे देवधर अंडंसुद्धा खात नाहीत, पण इथले शिकारी त्यांना विचारल्याशिवाय मचाणावर चढत नाहीत.

देवधर माझे शेजारी. वीज कंपनीत वाऱ्याचे अंदाज बांधता बांधता निवृत्त झाले आणि तीच विद्या त्यांनी जवळच्या जंगलातल्या हरणांना लावली. देवघराशेजारी बॅरोमीटर टांगलाय. सकाळी नमस्कार दोन्हीकडे होतो.

"हवेचा दाब उतरला की हरणं घाईघाईनं चरून घेतात. पाऊस थांबला की परत बाहेर. पण वारा सुटला की झाडीतून हलायची नाहीत. कानाला काही कळत नाही ना! लिहून घ्या."

हे 'लिहून घ्या' त्यांचं पालुपद. मी सायकलवरून कांदे आणायला निघालेला. कशावर लिहून घेऊ?

अंदाजात मात्र भीडभाड नाही. कोपऱ्यावरच्या हेंक शिकाऱ्यानं एकदा लाडीगोडी लावली, आज वाढदिवस आहे, काहीतरी चांगलं सांगा. देवधरांनी त्याला डचमध्ये सुनावलं, "वारा आहे, नाही येणार. वाढदिवस तुझा आहे, हरणांचा नाही."

वहिनी गेल्यापासून देवधर एकटेच. मुलगा नील दूर ग्रोनिंगनला नोकरीला. लहानपणी तो बाबांबरोबर तासन्‌तास हरणांची वाट बघत बसायचा.

परवा शुक्रवारी मी त्यांचा डबा परत द्यायला गेलो. बाहेर असा वारा की माझी सायकल दोनदा आडवी झाली. देवधर फोनच्या स्पीकरवर नीलशी बोलत होते.

"बाबा, आर यू शुअर? इट्स सो विंडी."

"शंभर टक्के! उद्या वारा असला तरी अख्खा कळप येणार. लिहून घे!"

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अहो, वाऱ्यात हरणं हलत नाहीत ना?"

"नाहीच हलत." ते बॅरोमीटरची काच पुसायला लागले. "दोन महिने झाले हो, आला नाहीये तो."

मी डबा ओट्यावर ठेवला आणि निघालो.

शनिवारी नील आला. बापलेक संध्याकाळपर्यंत जंगलाच्या कडेला वारा खात बसले आणि पावसात भिजून परतले. हरणाचं शेपूटसुद्धा दिसलं नव्हतं. दारात बूट काढताना नील मला हळूच म्हणाला, "काका, डोन्ट टेल बाबा. वाऱ्यात हरणं येत नाहीत, आय नो. बाबा टॉट मी."

आतून देवधर ओरडले, "पुढच्या शनिवारी नक्की येतील! लिहून घे!"

नीलनं ओल्या हातानं फोन काढला आणि लिहून घेतलं.